आधी ढोल मोजा, मग ट्रेलर

पत्र

काका, नमस्कार. आमचं ढोल-ताशा पथक डेट्रॉईटच्या उपनगरांत वाजवतं. २४ ढोल आहेत, सगळे २२ इंची, त्यांतल्या निम्म्यांना चामड्याची पानं. १० ताशे, ४ ध्वज, झांजा, टोल. शिवाय मंडळाचं मखर आणि दोन स्पीकर. आजवर हे सगळं पाच-सहा जणांच्या गॅरेजमध्ये विखुरलेलं असायचं आणि मिरवणुकीच्या सकाळी आठ गाड्यांतून गोळा करावं लागायचं. यंदा मंडळाने ५००० डॉलर मंजूर केलेत, बंद ट्रेलर घ्यायला. दोन पर्याय समोर आहेत. एक जुना ७ बाय १६ फुटी, दोन एक्सलचा म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांचा, ४२०० डॉलरला. दुसरा नवा ६ बाय १२, एका एक्सलचा, ४८०० डॉलरला. पथकातले बहुतेक जण म्हणतात, कमी पैशांत मोठा मिळतोय तर मोठाच घ्यावा. ओढायला एकाची टोयोटा सिएना आहे आणि एकाची होंडा पायलट. ट्रेलर आमच्यापैकी कुणीच कधी ओढलेला नाही. काय घ्यावं?
— एक पथकप्रमुख, मिशिगन

उत्तर

नमस्कार. निर्णय आधी सांगतो, कारणं मागाहून. ६ बाय १२ घ्या. पण समोर आलेला तोच असं नाही. त्या मापाचा, ब्रेक असलेला घ्या. आणि पैसे देण्याआधी एक रविवार मोजमापाला द्या.

पुण्यात ढोल टेम्पोत रचणारी पोरं बघितली असतील. न बोलता, न मोजता, वीस मिनिटांत अख्खं पथक हौद्यात बसवतात. त्यांना टेम्पोचं माप हाताला माहीत असतं, आणि गाडी चालवायला टेम्पोवाला असतो. इथे टेम्पोवाला तुम्हीच आहात. म्हणून ते माप तुमच्या हातात येईपर्यंत खरेदी करू नका.

ट्रेलरच्या जाहिरातीत लिहिलेलं '६ बाय १२' हे डब्याचं बाहेरचं, ठोकळ माप असतं. आत खांब असतात, त्यांवर प्लायवूड असतं. सहा फुटी म्हणजे ७२ इंची डबा आतून साधारण ६८ ते ७० इंच भरतो. कंपनीप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून टेप घेऊनच जा आणि प्लायपासून प्लायपर्यंत मोजा. तुमचा ढोल २२ इंची. तीन शेजारी शेजारी ठेवले की ६६ इंच. म्हणजे सहा फुटी डब्यात एका ओळीत तीन ढोल नेमके बसतात, थोडी बोटं फिरवायला जागा राहते. पाच फुटी डब्यात दोनच बसतील आणि फूटभर जागा वाया जाईल. आता गंमत बघा: सात फुटी डबा आतून साधारण ८० इंच. तिथेही एका ओळीत तीनच ढोल! चौथ्याला ८८ इंच लागतात. म्हणजे रुंदीच्या ज्या जादा फुटाला तुमचं पथक 'फायदा' म्हणतंय, त्या फुटात एकही ढोल जात नाही. तो फूट फक्त वारा अडवणार आणि वजन वाढवणार.

आता उंची. ढोल कडेवर उभा ठेवायचा आणि पानावर काहीही टेकू द्यायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून थरांमध्ये प्लायची फळी हवी. एका थराला दोन फूट धरले तर दोन थर आणि फळ्या मिळून पन्नासेक इंच होतात. आतली उंची साडेसहा फूट असेल तर वर ताशांसाठी दोन फुटांहून जास्त राहतं आणि माणूस ताठ उभं राहून काम करू शकतो. सात फूट उंची घेऊ नका.

लांबीचा हिशेबही असाच सोपा. एका ओळीत वर-खाली मिळून ६ ढोल. २४ ढोलांच्या चार ओळी, म्हणजे आठ फूट. पुढे चारेक फूट मखर, स्पीकर आणि बाकी सामानाला. नाक त्रिकोणी असेल, ज्याला इकडे व्ही-नोज म्हणतात, तर दीड-दोन फूट आणखी मिळतात. पुढच्या वर्षी सहा ढोल वाढले तरी एकच ओळ वाढेल. पत्रात तुम्ही एक माप दिलेलंच नाही, आणि लांबी तेच ठरवणार आहे: ध्वजाची काठी. काठी दहा फुटी असेल तर बारा फुटी डब्यात छताखाली आकड्यांत आडवी टांगता येते आणि कुणाच्या पायात येत नाही. काठी बाराच्या वर असेल तर ती दोन तुकड्यांत जोडता येईल अशी करून घ्या. त्या काठीपायी सोळा फुटी ट्रेलर घेऊ नका.

तर जागेचा प्रश्न सुटला. वजनाचा त्याहून महत्त्वाचा आहे, कारण जागा कमी पडली तर ढोल बाहेर राहतात; वजन चुकलं तर माणसं रस्त्यावर येतात.

तुमचा एक ढोल २० पौंड धरू. चोवीस ढोल ४८० पौंड. ताशे १००. ध्वज, झांजा, टोल, पट्टे १५०. मखर आणि स्पीकर ३००. फळ्या आणि बांधायचं सामान अडीचशे-पावणेतीनशे. सगळं मिळून १३०० पौंडांच्या आसपास. ढोल म्हणजे पोकळ वस्तू. तुमचा माल जागा खाणारा आहे, वजनदार नाही. रिकामा ६ बाय १२ साधारण १२०० ते १५०० पौंडांचा असतो. मध्यावर १४०० धरले तर भरलेला ट्रेलर २७०० पौंड. जुना ७ बाय १६ रिकामाच अडीच हजाराच्या पुढे जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या सामानासकट चार हजार. ढोल तेवढेच, आणि गाडीने ओढायचं वजन जवळजवळ दीडपट.

नव्या ६ बाय १२ वर कारखान्याने लावलेल्या प्लेटवर बहुधा '२९९० पौंड' असा कमाल वजनाचा आकडा दिसेल. हा आकडा असा तुटका का, याचं उत्तर कायद्यात आहे. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांपासून पुढच्या ट्रेलरला ब्रेक बंधनकारक आहेत. म्हणून अनेक कारखाने ३५०० पौंडांचाच एक्सल बसवतात, ब्रेक लावत नाहीत आणि प्लेटवर २९९० लिहितात. ट्रेलर स्वस्त पडतो. तुमच्या २७०० ला तो कागदावर पुरतो. तरी मी तो घेऊ नका म्हणेन. गाड्यांच्या पुस्तिका यापेक्षा कितीतरी कमी वजनालाच ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत असं सांगतात. उतारावर लाल दिवा लागला, रस्ता ओला असला आणि मागून २७०० पौंड ढकलत असले की पायाखालचा ब्रेक किती अपुरा वाटतो, ते मी अनुभवलंय. तेव्हा ३५०० पौंडांची प्लेट, एक्सलला इलेक्ट्रिक ब्रेक, आणि ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारा बॅटरीवरचा ब्रेकअवे स्विच. यासाठी जादा पैसे पडतील. ते द्या.

आता ओढणारी गाडी. सिएनाची ओढण्याची मर्यादा ३५०० पौंड, म्हणून पथकातलं कुणीतरी म्हणेल, '२७०० च तर आहे!' पण तो एकच आकडा बघून चालत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा. याला टंग वेट म्हणतात. तुमच्या बाबतीत तो २७० ते ४०० पौंड होतो, आणि तो गाडीच्या पेलोडमध्ये, म्हणजे गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनात, मोजला जातो. चालकाचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. समजा तिथे १२०० लिहिलंय. सिएनात सहा वादक बसले, प्रत्येकी १६० पौंड, तर ९६०. उरले २४०. हिचचा भार ३००. म्हणजे गाडी मर्यादेच्या बाहेर, आणि अजून कुणाची बॅगही ठेवलेली नाही. पायलट चारही चाकांवर चालणारी असेल तर तिची मर्यादा ५००० पौंड आहे. दोनच चाकांवर चालणारी असेल तर ३५००. आधी ते विचारा. आणि गाडी कुठलीही असो, त्या दिवशी तिच्यात चालक आणि शेजारी एकच माणूस. बाकीचे दुसऱ्या गाडीतून.

बंद ट्रेलरचा आणखी एक स्वभाव आहे. तो शीड आहे. सहा फूट रुंद आणि जमिनीपासून आठ फूट उंच भिंत तुम्ही महामार्गावरून ओढत असता. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरचं समोरचं क्षेत्रफळ किती चौरस फूट चालेल तेही दिलेलं असतं. वजनाचं पान वाचून पुस्तिका मिटवू नका, ते पानही शोधा. व्ही-नोजने वारा थोडा कापला जातो, पण मागे भिंत आहे ती आहेच. आय-९४ महामार्गावर शेजारून मोठा ट्रक पुढे गेला की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग त्याच्याकडे ओढला जातो. ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही असा पथकाचा नियमच करा.

पायलटला दोन इंची रिसीव्हरचं हिच, सात पिनांचं वायरिंग आणि ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या हाताशी आणणारा ब्रेक कंट्रोलर लागेल. ५००० ची मर्यादा गाठायची तर कंपनीने सांगितलेला कूलरही. हा खर्च ५००० डॉलरच्या बजेटमधूनच काढा, कारण तो पथकाचा खर्च आहे, पायलटवाल्याचा नाही. जमल्यास दुसरी एक गाडीही तयार करून ठेवा. ऐन गणपतीत पायलटवाल्याला ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जावं लागलं, तर पार्किंगमध्ये उभा असलेला भरला ट्रेलर काय कामाचा?

आता खुद्द ट्रेलर कसा बघायचा. तुम्ही भाग्यवान आहात. इंडियानातला एल्कहार्ट परगणा तुमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर आहे. मोटारघरांची राजधानी म्हणून तो ओळखला जातोच, पण बंद ट्रेलर बांधणारे वेल्स कार्गो, हॉलमार्क, युनायटेड, लुक यांसारखे कितीतरी कारखानेही त्याच भागात वाढले. दक्षिण जॉर्जियात डग्लसच्या आसपासही असे बरेच कारखाने आहेत. तिथला भाव बघून मन ओढेल, पण हजारेक मैल जाऊन पहिल्यांदाच ट्रेलर ओढत परत येणं नवख्याने करू नये. एल्कहार्टच्या बाजूला जा, एका शनिवारी तीन-चार ठिकाणी फिरा, आणि रंगाकडे बघण्याआधी ट्रेलरच्या खाली वाका.

खाली फ्रेमच्या आडव्या पट्ट्या दिसतील. त्या १६ इंचांवर आहेत की २४? भिंतीच्या आतले खांब किती अंतरावर? १६ इंच असेल तर फरशी दबत नाही आणि भिंतीवर फळ्या, पट्टे, कड्या बसवायला जागोजाग आधार मिळतो. तुम्ही आत फळ्यांचे थर करणार आहात, म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. बाहेरचा अॅल्युमिनियमचा पत्रा ०.०२४ इंच जाड की ०.०३०? जाड घ्या. फरशी पाऊण इंची प्लायची, भिंती ३/८ इंची. आणि छत एकाच अखंड पत्र्याचं हवं.

छताबद्दल जरा थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक जुना ट्रेलर घेतला होता. बाहेरून देखणा, नवीन रंग मारलेला. विकणाऱ्याने गळत नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. छताला मध्ये सांधा होता, त्यावर सीलंटचा थर. पहिल्या हिवाळ्यात बर्फ साचलं, वितळलं, पुन्हा गोठलं. मार्चमध्ये दार उघडलं तेव्हा कुजक्या लाकडाचा वास आला. थर्मोकोलचं नव्हे, लाकडाचं मखर होतं ते. एका आजोबांनी दोन उन्हाळे राबून स्वतःच्या हाताने कोरलेलं. त्याच्या कमानीची प्लाय फुगून पानापानाने सुटली होती. त्यांना ते दाखवायला आम्हाला जावं लागलं. तेव्हापासून कुठलाही जुना ट्रेलर बघायचा तर मी आत शिरतो, बाहेरच्याला दारं घट्ट लावायला सांगतो आणि भर दुपारच्या उन्हात अंधारात उभा राहतो. कुठे सुईएवढा उजेड दिसला, तर तिथून पाणी येणार.

म्हणून त्या ४२०० च्या ७ बाय १६ बद्दल तुमच्या मंडळींचं समाधान होत नसेल तर त्यांना घेऊन जा आणि एवढं करा. आत अंधारात उभे राहा. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी आणि चारही कोपऱ्यांत पेचकस टोचा. लाकूड मऊ लागलं तर फरशी गेली. खाली वाकून मिठाचा गंज बघा, मिशिगनच्या रस्त्यांवर तो फ्रेमचे सांधे आधी खातो. मग टायर. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. आमचे आठ वर्षांचे टायर नक्षीने नव्यासारखे दिसत होते. त्यांतला एक ऑगस्टच्या दुपारी महामार्गावर फाटला आणि जाता जाता चिखलरोध उखडून घेऊन गेला. पाच-सहा वर्षांपुढचे टायर असतील तर चारही नवे घ्यावे लागतील, ते किमतीत धरा. टायर एकाच बाजूने झिजलेला असेल तर एक्सल वाकलेला असू शकतो. चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर आली तर बेअरिंग. कागदावरचा सतरा अक्षरी क्रमांक फ्रेमवरच्या प्लेटशी जुळवा, एकेक अक्षर वाचून. एवढं सगळं नीट निघालं तरी तो ट्रेलर तुमच्यासाठी मोठाच आहे, आणि पायलटवर त्याचा भार मर्यादेच्या फार जवळ जातो.

दोन एक्सलचा ट्रेलर महामार्गावर जास्त स्थिर चालतो, एक टायर फुटला तरी दुसरा सावरतो, हे खरं आहे. तुम्ही दर महिन्याला शिकागोला वाजवायला जात असता तर मीही दोन एक्सलचा सुचवला असता. तुमचं वाजवणं तीस-चाळीस मैलांच्या आत आहे. एक एक्सल म्हणजे दोन टायर, कमी वजन, आणि मंदिराच्या पार्किंगमध्ये रिकामा ट्रेलर चौघांनी हाताने वळवता येतो.

दाराबाबत माझं मत बहुतेक विक्रेत्यांच्या उलट आहे. ते रॅम्प सुचवतील, म्हणजे मागचं अख्खं दार खाली पडून उतार होतो तो. मोटरसायकल किंवा गवत कापायचं यंत्र चढवायचं असेल तर रॅम्पच हवा. तुमचे ढोल हातानेच चढणार आणि हातानेच उतरणार. रॅम्प मागच्या टोकाला वजन वाढवतो आणि उघडायला मागे सहा फूट मोकळी जागा मागतो. मिरवणुकीच्या दिवशी पार्किंगमध्ये ती जागा कुठून आणणार? कपाटासारखी दोन पाखांची दारं घ्या. एकच पाखं उघडून चार ढोल काढता येतात. उजव्या बाजूला, पुढच्या भागात, माणूस जाईल असं दार घ्या. मखर आणि स्पीकर तिथून आत जातील. रंग पांढरा घ्या आणि छतावर झडप, कारण जुलैत काळ्या डब्यात चामडं भाजून निघतं.

चामड्याच्या पानांसाठी आणखी एक. ट्रेलर हे ढोल न्यायचं साधन आहे, ढोल ठेवायचं घर नाही. गणपती झाले की ते बारा ढोल बाहेर काढा आणि कुणाच्या तरी गरम राहणाऱ्या तळघरात ठेवा. इथल्या हिवाळ्यात डब्यात दिवसा दव सुटतं, रात्री गोठतं. फायबरच्या पानांचं काही बिघडत नाही, चामडं मात्र सैल पडतं, बुरसटतं आणि मग कितीही दोरी ताणली तरी पूर्वीचा आवाज देत नाही.

तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचंय. ट्रेलर कुणाच्या नावावर?

बहुतेक मंडळांत काय होतं, तर जो उत्साही असतो तो आपल्या नावावर घेतो, आपल्या ड्राइव्हवेवर लावतो, आपल्या विम्यावर घालतो. दोन वर्षांनी त्याची नोकरी टेक्ससला जाते. किंवा समितीत मतभेद होतात. मग एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं ट्रेलरच्या किल्लीवरून बोलेनाशी होतात. मी हे दोनदा बघितलंय, आणि दोन्ही वेळा चूक कुठल्याच माणसाची नव्हती. मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल तर ट्रेलर संस्थेच्या नावावर घ्या, पहिल्या दिवसापासून. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबर प्लेट एकदाच घ्यायची असते, दरवर्षी नूतनीकरण नाही. त्यामुळे ते काम जड नाही.

विम्याचं मात्र लेखी विचारा. साधारणपणे ट्रेलर ज्या गाडीला जोडलेला असतो तिच्या पॉलिसीतून, ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळतं. खुद्द ट्रेलरचं आणि आतल्या सामानाचं नुकसान त्यात येत नाही. पायलटवाल्याला त्याच्या विमा एजंटकडून हे विचारायला लावा: संस्थेच्या मालकीचा ट्रेलर मी ओढला तर माझी पॉलिसी लागू होते का? मंडळाने ट्रेलरची आणि आतल्या वाद्यांची वेगळी पॉलिसी घ्यावी. ढोल पुण्याहून आलेत, त्यांची बिलं असतील तर एकत्र ठेवा, नसतील तर प्रत्येक ढोलाचा क्रमांक घालून फोटो काढा. बंद ट्रेलर चोरीला जातात, अख्खेच्या अख्खे, कारण कुणीही हिच लावून दोन मिनिटांत ओढून नेऊ शकतं. कपलरला, म्हणजे ट्रेलरच्या हिचवर बसणाऱ्या तोंडाला, कुलूप आणि चाकाला जबडा, दोन्ही हवेत.

आणि ज्याच्या ड्राइव्हवेवर तो उभा राहणार आहे त्याच्या वसाहतीची नियमावली खरेदीआधी वाचा. कित्येक सबडिव्हिजनमध्ये ट्रेलर बाहेर उभा करायला मनाई असते. तिथे मनाई निघाली तर भाड्याची जागा बघावी लागेल आणि ते भाडं दरमहा जाईल. पाच हजार मंजूर करणाऱ्या समितीला हा खर्च आजच सांगा.

आता तो रविवार. यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा ६ बाय १२ चा बंद ट्रेलर एका दिवसासाठी घ्या आणि पायलटला लावा. तो रिकामा १९२० पौंड आहे, म्हणजे तुम्ही घेणार त्याहून जड, आणि आतून उंचीला कमी. तरी शिकायला उत्तम. सगळं पथक बोलवा, सगळं सामान आणा आणि रचून बघा. कागदावरचा माझा तीन-तीनचा हिशेब तुमच्या ढोलांच्या कड्यांना आणि दोऱ्यांना पटतो का, ते तिथे कळेल. मग भरलेला ट्रेलर महामार्गाजवळच्या ट्रकथांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, न्या. थोडक्या पैशांत तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती आणि ट्रेलरच्या एक्सलवर किती असा छापील कागद मिळतो. त्या कागदातून स्वतःच्या सामानाचं खरं वजन काढा आणि माझे अंदाज खोडून तिथे ते आकडे लिहा.

रचताना एक शब्द लक्षात ठेवा, तो आपल्या आजोबांचा आहे: उलाळ. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरचंही अगदी तेच. मागे वजन गेलं की हिचवरचा भार कमी होतो आणि ताशी ५५ मैलांवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, गाडीलाच हलवतो. साठ टक्के वजन एक्सलच्या पुढे ठेवा. मखर आणि स्पीकर पुढे, ढोल मागे. तुमचं सामान तसंही त्याच क्रमाने बसतंय. परत येताना दमलेली मुलं हाताला येईल तसं भरतात, तेव्हा हा क्रम मोडतो. म्हणून आतल्या भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा: इथे मखर, इथे ढोल. ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरवरचा हाताचा खटका सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. यू-हॉलच्या ट्रेलरवर तो खटका चालणार नाही, म्हणून त्या दिवशी ५५ च्या वर जाऊच नका. त्यांचाही नियम तोच आहे.

मागे घेणं मंदिराच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे जायला हवं तिकडे हात न्या. तासाभरात जमतं. पथकातल्या तिघांना तरी शिकवा, आणि त्यांत मुलीही असू द्या. नवा ट्रेलर घरी आणताना दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नव्या चाकांचे नट बसताना सैल होतात.

आणि मिरवणुकीच्या दिवशी, कितीही पाऊस आला, कितीही जवळ जायचं असलं, तरी चालत्या ट्रेलरच्या आत कुणीही बसायचं नाही. छोटे झांजवाले हट्ट करतील, पालकही 'दोनच मिनिटं' म्हणतील. किल्ली ज्याच्या हातात आहे त्याने निघण्याआधी मागे जाऊन, दार उघडून, आत डोकावून, मगच कडी लावायची. हे काम कुणाचं, ते नाव आजच ठरवा.

वजनकाट्याचा कागद आणि काठीचं माप मला पाठवा. एल्कहार्टला जाण्याआधी आपण एकदा बोलू.